खुलासा : एसटीतलं महिलांचं हाफ तिकीट बंद झालेलं नाही

उदगीरकडच्या ग्रुपवर बीदरच्या एसटी तिकिटाचा फोटो फिरतोय, खाली लिहिलंय, ‘बायांचं हाफ तिकीट बंद’. तसं काही नाही. स्टँडवर वाहतूक नियंत्रकांना विचारून घेतलं. १७ मार्च २०२३ पासूनची ५० टक्के सवलत चालूच आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. पुढं कर्नाटकातल्या टप्प्याचं पूर्ण भाडं लागतं, म्हणून तिकीट निम्म्याहून जास्त दिसतं. कंडक्टरशी उगाच भांडू नका. पंचाहत्तरीपुढच्यांचा मोफत प्रवासही राज्याच्या हद्दीपर्यंतच. मुलींच्या शाळेच्या मोफत पासचा तर या फोटोशी संबंधच नाही. मेसेज वाचून काहीजणी लातूरला जायलासुद्धा काळीपिवळीत दाटीवाटीनं बसायला लागल्यात! तो फोटो पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.