मधुबालाचा पुरस्कार कुणी ‘चोरला’ नव्हता

माझी भाची चित्रपटांचा अभ्यास करते. वर्गात सादर करायच्या निबंधाचा मसुदा तिनं परवा मला वाचायला पाठवला. त्यात एक वाक्य ठणठणीत आत्मविश्वासानं लिहिलेलं होतं: ‘धर्मामुळे मधुबालाला फिल्मफेअर नाकारण्यात आलं.’ हे कुठून आणलंस, असं विचारल्यावर तिनं एक फॉरवर्ड पाठवला. ‘मुघल-ए-आझम’मधल्या शीशमहालातला फोटो, खाली ‘नामांकन मिळालेल्या नायिकांवर झालेल्या सर्वात मोठ्या अन्यायांची क्रमवारी’ आणि शेवटी ‘खऱ्या रसिकांनी शेअर करा’. क्रमवारीत पहिला नंबर ‘मुघल-ए-आझम’च्या मधुबालाचा, दुसरा ‘पाकीजा’च्या मीनाकुमारीचा आणि मग उतरत्या भाजणीनं बाकीच्या. हा मजकूर मलाही आधी आला होता, वाचला नव्हता. आता वाचला. 1961 साली ‘मुघल-ए-आझम’साठी मधुबालाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं, पुरस्कार मात्र बीना रायला गेला, त्यावरून हा सगळा कांगावा. चीड आली म्हणून लिहितोय.

सर्वात विषारी मुद्द्यापासून सुरुवात करतो.

‘मधुबाला मुसलमान होती म्हणून तिला डावललं.’

नायिकांची धर्मावर मोजदाद करायची वेळ यावी याचीच किळस वाटते. पण हे वाक्य आता मुलांच्या निबंधात शिरलंय, तेव्हा मोजू या. त्यासाठी दुसरं तिसरं काही लागत नाही, फिल्मफेअरच्या विजेत्यांची यादी पुरते. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलाच पुरस्कार 1954 साली कुणाला मिळाला? ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारीला, म्हणजे महजबीन बानोला. 1955 साली पुन्हा तिलाच, ‘परिणीता’साठी. 1958 साली नर्गिस, ‘मदर इंडिया’. 1963 आणि 1966 परत मीनाकुमारी, ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि ‘काजल’. 1967 आणि 1969 वहीदा रहमान, ‘गाइड’ आणि ‘नील कमल’. 1971 मुमताज, ‘खिलौना’. पहिल्या 18 समारंभांत 8 वेळा. हाच तो धर्म बघून नायिका डावलणारा पुरस्कार.

बरं, ही झाली एकूण वर्षं. ‘त्या रात्रीच काहीतरी शिजलं’ असं म्हणणारे असतातच. मग 1961 च्या समारंभाचीच यादी घ्या. सर्वोत्कृष्ट चित्रपट के. आसिफचा ‘मुघल-ए-आझम’. सर्वोत्कृष्ट संवाद पुन्हा ‘मुघल-ए-आझम’, लेखक अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी. सर्वोत्कृष्ट अभिनेता दिलीपकुमार, म्हणजे युसूफ खान. सर्वोत्कृष्ट गायक महंमद रफी, गीतकार शकील बदायुनी, दोघंही ‘चौदहवीं का चाँद’साठी. इतक्या मुसलमानांना ट्रॉफ्या वाटणाऱ्या लोकांनी नेमकं मधुबालाचं नाव आलं की जन्मदाखला मागवला, असं मानायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

याच यादीत आणखी एक गंमत आहे आणि फॉरवर्डवाल्यांना ती अजिबात सोयीची नाही. दिलीपकुमारला तो पुरस्कार ‘मुघल-ए-आझम’मधल्या सलीमसाठी मिळालेला नाही, ‘कोहिनूर’साठी मिळाला. सलीमसाठी त्याला साधं नामांकनही नव्हतं. अकबर झालेल्या पृथ्वीराज कपूरना काही नाही. जोधाबाई झालेल्या आपल्या दुर्गाबाई खोट्यांना काही नाही. सहायक अभिनेत्रीचा मान ‘आँचल’साठी नंदाला गेला. नौशादसाहेबांचं संगीत हरलं, ‘दिल अपना और प्रीत पराई’चे शंकर-जयकिशन जिंकले. दिग्दर्शनाचा पुरस्कारसुद्धा आसिफला नाही, ‘परख’च्या बिमल रॉयना. म्हणजे त्या चित्रपटातल्या नटमंडळींपैकी नामांकनापर्यंत पोचली ती मधुबालाच. चित्रपट भव्य होता हे सगळ्यांना मान्य होतं, पण त्या भव्यतेचं श्रेय माणसामाणसांत वाटायला मतदार राजी नव्हते, असं ही यादी वाचून मला वाटतं. हा निष्कर्ष माझा, पटला तर घ्या. पण त्यात कटकारस्थान नाही.

आता बीना राय. ‘कोण ही बीना राय? एका नवख्या बाईनं वशिल्यानं पुरस्कार पळवला,’ असं त्या मजकुरात आहे. लिहिणाऱ्यानं निदान एकदा शोधून बघायचं! या नवख्या बाईनं 1953 मध्ये कुठली भूमिका केली होती माहीत आहे? अनारकलीची. चित्रपटाचं नावच ‘अनारकली’, समोर सलीम म्हणून प्रदीपकुमार आणि संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. ‘ये ज़िंदगी उसी की है’ आजही गुणगुणता ना? ते बीना रायवर चित्रित झालंय. मधुबालाच्या अनारकलीच्या सात वर्षं आधी घरोघरी पोचलेली अनारकली ही होती. नवखी म्हणे!

पुरस्कार मिळाला तो ‘घूँघट’साठी. जेमिनीची निर्मिती, दिग्दर्शक रामानंद सागर, कथा टागोरांच्या ‘नौकाडुबी’वर आधारलेली. लग्नानंतरच्या अपघातात नवऱ्या-नवरीची अदलाबदल होते आणि घूंघटामुळे ती कुणाच्या लक्षातच येत नाही. ज्याला नवरा समजून संसार मांडला तो आपला नवराच नव्हे, हे नंतर कळतं. कथा जुन्या वळणाची आहे, आज बघताना जड जाते आणि बीना रायचा अभिनयही त्याच वळणाचा आहे: संयत, डोळे खाली, दुःख आतल्या आत. मला तो फार आवडतो असं नाही. पण 1960 च्या प्रेक्षकाला, त्यातही स्त्री प्रेक्षकांना, तो भिडला असेल हे समजायला कटाची गरज पडत नाही. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘घूँघट’ बघितलाय? दोन उत्तरपत्रिकांपैकी एकच वाचून दुसरीला नापास करणारा मास्तर आपल्याला चालेल का?

‘पुरस्कार विकत घेतले जायचे’ याबद्दल मात्र मला थोडं, अगदी नाइलाजानं, मान्य करावं लागतंय. ऋषी कपूरनं 2017 साली आलेल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय की ‘बॉबी’च्या वेळी तीस हजार रुपये मोजून त्यानं पुरस्कार मिळवला. कबुली ज्याची त्यानंच दिली, तेव्हा सगळं सोवळंच होतं असा दावा मी करणार नाही. पण ती गोष्ट 1974 ची, एका नटाची, त्याच्या स्वतःच्या तोंडून आलेली. तिच्या जोरावर तेरा वर्षांपूर्वीच्या एका नटीला चोर ठरवायचं, हा सुतावरून स्वर्ग झाला. बीना रायविरुद्ध त्या मजकुरात पुरावा म्हणून एक ओळसुद्धा नाही, फक्त उद्गारचिन्हं आहेत.

पुढचा मुद्दा वाचून मी खरं तर कपाळाला हात लावला. ‘खरे लोखंडी साखळदंड अंगावर घेऊन, हृदयाला छिद्र असताना मधुबालानं काम केलं. यापेक्षा श्रेष्ठ अभिनय कुठला?’ आजार खरा आहे. तो जन्मजात होता आणि 1969 च्या फेब्रुवारीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. तुरुंगातल्या दृश्यांसाठी जड साखळदंड वापरले होते, हेही सगळे सांगतात. पण हे सोसणं झालं. सोसणं म्हणजे अभिनय नव्हे. साखळीच्या वजनावर क्रम लावायचा तर मग तराजू आणा, परीक्षक कशाला? आणि सहानुभूतीवर पुरस्कार मिळत असते तर 1973 साली मीनाकुमारीला मिळाला असता. ‘पाकीजा’ 4 फेब्रुवारी 1972 ला लागला, ती 31 मार्चला गेली. मरणोत्तर नामांकन झालं, आणि जिंकली कोण? ‘सीता और गीता’ची हेमामालिनी. मतदारांनी रडण्यापेक्षा त्या वर्षी हसणं पसंत केलं.

मधुबालाचं श्रेष्ठत्व दाखवायचंय ना? मग साखळ्या बाजूला ठेवा आणि शीशमहालसुद्धा. त्या गाण्यातले आरसे, रंग, लताचा आवाज, सगळं इतकं दिपवणारं आहे की खाली उभ्या बाईनं नक्की काय केलं हे दिसायचंच राहतं. शेवटची रात्र बघा. अनारकलीला एका रात्रीपुरतं मलिका व्हायची मुभा मिळालेली आहे. पहाटे तिला भिंतीत चिणणार. सलीमला यातलं काही माहीत नाही. समोर नाचगाणं चाललंय, तो सुखात बुडालाय, आणि तिच्या हातात गुंगी आणणारं फूल आहे. त्याच फुलानं तिला त्याला बेशुद्ध करायचंय. इथे मधुबाला काय करते? जवळजवळ काहीच नाही. ओठांवर नव्या नवरीचं हसू जसंच्या तसं. नजर मात्र त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, जणू पाठ करून घेतेय. तो बघतो तेव्हा डोळे हसतात, त्यानं मान वळवली की तेच डोळे विझतात. संवाद लिहायला चार-चार लेखक असलेल्या चित्रपटात तिनं हे शब्दांवाचून केलंय. गुलाबाचं फूल प्रतिस्पर्धी बहारला आणि काटे अनारकलीला मिळतात, त्या कव्वालीच्या शेवटीही तेच. काटे हातात घेताना तिच्या चेहऱ्यावर हार दिसत नाही. काट्यांना निदान कोमेजायची भीती नसते, हे ती जिंकल्यासारखं सांगते. हे सोडून लोक साखळीचे किलो मोजत बसतात.

बाकीचे मुद्दे भराभर उरकतो.

‘मीनाकुमारीला पाकीजासाठी डावललं म्हणून प्राणनं पुरस्कार नाकारला.’ प्राणनं ‘बेईमान’चा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला हे खरं. पण मीनाकुमारीसाठी नव्हे, गुलाम मोहंमदसाठी. ‘पाकीजा’चं संगीत देणारा हा माणूस 1968 मध्येच वारला होता आणि संगीताचा पुरस्कार ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशनना गेला. म्हणजे स्वतःच्याच चित्रपटाच्या संगीतकारांविरुद्ध प्राण उभा राहिला. एवढी सुंदर खरी गोष्ट हातात असताना तिचं नाव बदलून का सांगायची?

‘देवदासचा पुरस्कार नाकारल्यावर वैजयंतीमालावर बहिष्कार पडला.’ तिनं सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार नाकारला, कारण तिच्या मते चंद्रमुखी पारोच्या बरोबरीची होती. पुढे 1959 ला ‘साधना’, 1962 ला ‘गंगा जमुना’, 1965 ला ‘संगम’. असा बहिष्कार सगळ्यांच्या वाट्याला येवो.

‘1963 ला तिन्ही नामांकनं मीनाकुमारीचीच, म्हणजे सगळं ठरवून.’ तिन्ही तिचीच होती, हे बरोबर: ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘आरती’, ‘मैं चुप रहूँगी’. दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नाही हे मलाही खटकतं. पण ज्यांनी ‘साहिब बीबी’तली तिची छोटी बहू बघितलीय त्यांनी तो पुरस्कार ठरवून दिला असं म्हणून दाखवावं. आणि गंमत बघा, वर एका जागी पुरस्कार हुकला म्हणून मीनाकुमारी पीडित, इथे मिळाला म्हणून तीच संशयित!

राहिला तो मुद्दा त्या मजकुरात नाहीच, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. 1961 ला नामांकनं तीन होती. मधुबाला, बीना राय आणि? ‘छलिया’ची नूतन. अन्यायाची एवढी मोठी जंत्री करणाऱ्याला ती आठवतही नाही. मनमोहन देसाईंचा हा पहिला चित्रपट, फाळणीत मागे राहिलेल्या बाईची गोष्ट. लाहोरात अब्दुल रहमान नावाचा पठाण तिला बहिणीसारखी सांभाळतो. तो पठाण म्हणजे प्राण, बरं का. काही वर्षांनी ती लहान मुलाला घेऊन दिल्लीला येते, नवरा न्यायला येतो आणि पोराला नाव विचारतो. पोरगं सांगतं, अन्वर. आणि वडिलांचं नाव? अब्दुल रहमान. नवऱ्याचा चेहरा उतरतो, आणि नूतनच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ येतो. आपलं काय चुकलं हेच तिला कळत नाही. मग कळतं. ते कळण्याचे क्षण तिनं असे ताणले आहेत की अंगावर येतात. तिथे ना साखळदंड, ना आरसे, ना रंग.

माझा क्रम विचाराल तर पहिली मधुबाला, पण नूतनच्या अगदी थोडी पुढे, आणि तीही त्या शेवटच्या रात्रीमुळे. तिसरी बीना राय. मतदारांनी तिसरीला निवडलं. मला ते चुकीचं वाटतं, ज्यांनी मत दिलं त्यांना बरोबर वाटलं होतं. भाचीला मी ते धर्माचं वाक्य काढायला लावलंय आणि त्याजागी ‘छलिया’वर एक परिच्छेद लिहायला सांगितलाय, अर्थात आधी चित्रपट बघून.