48 लाखांच्या जिल्ह्यात 400 माणसं पुरतात का? पुरतात की!

परत तो मेसेज फिरायलाय. “बेळगाव जिल्हा 48 लाखांचा, सर्व्हे 400 जणांचा, म्हणजे बोगस. किमान 10 टक्के लोकांना विचारायलाच पाहिजे.” आणि खाली अंगठ्यांची रांग.

आधी ते 10 टक्के बघू. 2011 च्या जनगणनेत जिल्हा जवळपास 48 लाखांचा, म्हणजे 4 लाख 80 हजार जणांना गाठायचं? असला नियम संख्याशास्त्रात नाहीच. समजा जिल्ह्यात किती टक्के लोकांना मराठी वाचता येतं हे बघायचंय. उत्तर आधी माहीत नाही म्हणून 50 टक्के धरायचं, कारण 0.5 गुणिले 0.5 म्हणजे 0.25 हाच सगळ्यात मोठा गुणाकार, 20 टक्के धरलं तर 0.2 गुणिले उरलेले 0.8, म्हणजे 0.16 च येतो. 95 टक्के खात्री पाहिजे तर तिच्यासाठी ठरलेला आकडा 1.96, त्याचा वर्ग म्हणजे 3.8416, त्याला 0.25 नं गुणा आणि चूक 5 टक्के, म्हणजे उत्तर 5 टक्के इकडंतिकडं चालत असेल तर 0.05 च्या वर्गानं भागा. 384.16 येतात, म्हणजे 385 माणसं. ह्यात लोकसंख्या कुठं आली सांगा बघू?

येते, पण लहान गावात. खानापूरकडं जंगलात 500 माणसांचं गाव असेल तर हेच 385 कमी होऊन 218 वर येतात. तुमच्या 10 टक्क्यांनी तिथं 50 जणांनाच विचारलं असतं आणि चूक 13 टक्क्यांवर गेली असती. म्हणजे जिथं गरज नाही तिथं लाखो माणसं आणि जिथं जास्त पाहिजेत तिथं कमी.

दुसरं, “जेवढे जास्त तेवढं खरं.” चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, 1 टक्क्यावर आणायची तर 9604. आणि निवडच वाकडी असेल तर आकड्यानं काही होत नाही. 1936 ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाकडं त्यांच्या सर्व्हेच्या वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या, त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं आणि रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले, कारण नावं टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतनं घेतलेली, शिवाय उत्तर पाठवणारेही ठरावीकच. आपल्याकडं बेळगाव शहरातल्या खडेबाजारात उभं राहून पाच हजार जणांना विचारलं तरी लांबच्या रामदुर्ग-सौंदत्ती तालुक्यांचा माणूस त्यात किती येणार हो?

मेसेजवाल्यांनी खरं धरायला पाहिजे होतं ते वेगळंच. 400 जण पूर्ण जिल्ह्याचे, त्यात खानापूर तालुक्याचे वीसेक येतील, आणि वीस जणांवर “खानापुरात असं आहे” म्हणाल तर चूक 22 टक्के. तालुक्याचं वेगळं पाहिजे तर तालुक्याला वेगळे 385. एकाच गल्लीतली वीस घरं उरकली तर तेही कमी पडतात, कारण शेजारी-शेजारी बहुतेक सारखेच, तिथं दुप्पट धरायचे. आणि दहातले तीन जण “नंतर या” म्हणणार असतील तर 385 मिळवायला 550 दारं वाजवायची, आणि आधी काढलेल्या यादीतलीच, सोपं पडतं म्हणून शेजारचं दार नाही.