सिनेमा बघून नाटकासाठी कसं रडावं

संगीत नाटकाचा सिनेमा आलाय आणि तो बेळगावात लागलाय, अशी बातमी कानावर आली की लगेच तिकीट काढायला धावू नका. आधी मत बनवा. तिकिटं कधी संपत नाहीत, मतं संपतात. तुमच्याआधी टिळकवाडीतल्या कुणीतरी “त्यात जीव नाही” म्हणून टाकलं की तुमच्या वाट्याला “कॅमेरा बरा फिरवलाय” असलं काहीतरी मिळमिळीत उरतं, आणि तेवढ्यावर आठवडा काढावा लागतो. म्हणून पोस्टर दिसलं की जागच्या जागी थांबा, मान जराशी कलती करा आणि म्हणा, “नाही वो, त्याची सर नाही.”

कशाची सर नाही, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर डोळे मिटून घ्या.

मत झालं, आता त्याला पाठबळ पाहिजे. ते घरातच असतं. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या दर दुसऱ्या मराठी घरात एक आजोबा होऊन गेलेत, ज्यांच्याकडे बालगंधर्व जेवून गेले होते. पंगत मांड्यांची असते आणि साजूक तूप वाटीने वाढलेलं असतं. इतक्या घरी इतके मांडे खाऊन तो माणूस रात्रभर गायला कधी, हा हिशेब तुम्ही करायचा नाही. आजोबा हयात नसले तर सोन्याहून पिवळं. हयात आजोबा कधीकधी खरं बोलतात.

आमच्या एका चुलत्यांनी तर बालगंधर्वांना ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ऐकलं होतं. पुढून तिसऱ्या रांगेत बसून. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, गेले जुलै १९६७ मध्ये, आणि दारव्हेकरांचं हे नाटक रंगभूमीवर आलं त्याच सालच्या डिसेंबरात. मी एकदा भीत भीत हे काढलं. काका म्हणाले, “तू होतास काय तिथं?” मी नव्हतो. त्या हिशेबाने नारायणरावही नव्हते, पण काका होते, आणि वादात हजर माणसाचा शब्द चालतो. तेव्हा आठवणीला तारीख विचारू नये. ते अरसिकपणाचं लक्षण आहे.

आता प्रत्यक्ष बघायला जायचं. (जाणं सक्तीचं नाही. पुष्कळ जुने जाणकार न जाताच जाणतात.) तिकीट मागच्या रांगेचं घ्या, म्हणजे पुढच्या चार रांगांना तुमचं “च्च” नीट ऐकू जातं. पद सुरू झालं की मूळ चाल दाताखाली गुणगुणत राहा, पडद्यावरच्या गायकाच्या अर्धी मात्रा पुढे. त्यामुळे शेजाऱ्याला कळतं की चाल तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. तान आली की भिवया वर, तान संपली की सुस्कारा. नवीन गाणं आलं तर मोबाइल काढा. मूळ नाटकात नसलेलं गाणं चालू असताना मोबाइल बघणं हा परंपरेचा आदर आहे. इंटर्व्हलला पॉपकॉर्नची किंमत बघून “पूर्वी एवढ्यात सीझन पास यायचा” हे म्हणायला विसरू नका. आणि बाहेर गिरमिट-भजी खायला गेलात तर परत आत येण्याची फारशी गरज नाही. एव्हाना तुमचं व्हायचं ते सगळं झालेलं असतं.

पण हे सगळं पोरखेळ. खरी कसोटी पुढे आहे, ती नीट समजून घ्या.

‘कट्यार’चा सिनेमा २०१५ च्या दिवाळीत आला. सुबोध भावेंनी केला. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून काय म्हटलं होतं, आठवा. शंकर महादेवन पंडितजी? खाँसाहेब म्हणून सचिन? नाटकात वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेल्या खाँसाहेबांपुढे? त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडेंनी, त्याच खाँसाहेबांना आवाज दिला, तर म्हणालो, घराणं राखलं पण घर पाडलं. (हे वाक्य माझं. त्या वेळी रामदेव गल्लीत ते दोन महिने चाललं. नंतर बारा जणांनी ते आपलं म्हणून सांगितलं.) सिनेमात कव्वाली घातली म्हणून तर आम्ही चहाच घेतला नाही. महेश काळेंना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा म्हणालो, दिल्लीवाल्यांना काय कळतंय.

मग १० जानेवारी २०२५ ला त्याच दिग्दर्शकाचा ‘संगीत मानापमान’ आला. आणि काय सांगू, खडेबाजारापासून दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत एकच सूर लागला. “कट्यार म्हणजे कट्यार वो! तसं परत होणं नाही.” तीच माणसं, तोच कट्टा, चहाचे कपसुद्धा तेच. ज्या सिनेमाने दहा वर्षांपूर्वी नाटकाचा खून केला होता, तो आता नव्या सिनेमाला मारायला दगड म्हणून हातात आला होता. मी एकाला म्हटलं, तुम्ही तर त्याला शिव्या घातल्या होत्या. तो म्हणाला, “शिव्या घातल्या म्हणून काय झालं, तेव्हा तो नवीन होता.”

हे सूत्र पाठ करा. नापसंती ही लोणच्यासारखी असते. बरणीत दहा वर्षं ठेवली की तिची आवड होते. त्यामुळे आजच्या सिनेमाला बिनघोर नावं ठेवा. २०३५ मध्ये त्याच्याच आठवणीने गळा दाटून येणार आहे. घाई करून आत्ताच आवडून घेतलात तर तेव्हा करायला काही उरणार नाही.

खाडिलकरांचं मूळ ‘मानापमान’ १९११ च्या मार्चमध्ये मुंबईत झालं. पदांना चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. पूरबेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या वळणाच्या त्या चाली ऐकून थिएटरबाहेर कुणीतरी “किर्लोस्करांची सर नाही” म्हटलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. आणि किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात लागलं तेव्हा “नाटकात एवढी गाणी?” म्हणून एखादा उठून गेला असणारच. त्याचा नातू मारुती गल्लीत राहतो, अशी माझी दाट शंका आहे.

चर्चा या वळणावर आली की किर्लोस्करांना पुढे करा. आपला हुकमी पत्ता आहे तो. अण्णासाहेब जन्मले गुर्लहोसूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला ऐकवायचं, “संगीत नाटक तुम्ही बघितलंत, आम्ही जन्माला घातलं.” पाहुणा गप्प होतो. फक्त तो अभ्यासू नसावा. नाहीतर तो सांगेल, की पारशी मंडळींचं नाटक बघून अण्णासाहेबांना संगीत नाटक सुचलं, आणि पदांच्या चालींसाठी त्यांनी साकी-दिंडी-लावणीबरोबर कानडी पदंही बिनदिक्कत उचलली. म्हणजे आपण ज्याला अस्सल, निर्भेळ, हात न लावण्यासारखं म्हणतो, ते दुसऱ्याचा खेळ बघून आल्यावर चार दारच्या चाली गोळा करून केलेलं होतं. हे कळलं तर कळू द्या, बोलू नका. विशेषतः कानडी चालींचं तर अजिबात नको. आपल्याकडे त्यावरून मोर्चा निघू शकतो, आणि दोन्ही बाजूंनी.

मान-अपमानाचं नाटक म्हणाल तर ते आमच्याकडे, बेळगाव मैसूर राज्यात गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून चालू आहे. त्याचा सुप्रीम कोर्टातला अंक २००४ मध्ये उघडला, अजून पडदा पडलेला नाही. त्यामुळे सिनेमाबद्दल बोलायचं काही सुचेनासं झालं तर सीमाभागाचा सूर लावा, तो कधी बेसूर होत नाही. सिनेमाला एकच शो दिला? अन्याय. सकाळचा दिला? कारस्थान. तीन शो दिले आणि ओस पडले? लोकांना कळू नये म्हणून जाहिरातच केली नाही. एका वर्षी आम्ही दहा-बाराजण एका थिएटरच्या मॅनेजरकडे मराठी सिनेमाचे शो वाढवा म्हणून गेलो होतो. भला माणूस, त्याने रजिस्टर काढून आमच्यासमोर ठेवलं. आदल्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला सतरा तिकिटं. आमच्यातल्या एकाने विचारलं, “सतरा कोण?” मॅनेजर म्हणाला, “तुमच्यातलं कोण नव्हतं एवढं बघा.” आम्ही निवेदन टेबलावर ठेवलं, फोटो काढला आणि आलो. फोटो चांगला आला होता.

ज्यांना सिनेमा आवडतो त्यांचं काय करायचं, हेही सांगून ठेवतो. ते तरुण असतात, त्यांना समज नसते. त्यातल्या एकाला गणेशोत्सवात गणपतीचं गाणं म्हणून ‘कट्यार’ सिनेमातलं ‘सूर निरागस हो’ लावताना पकडलं, तर तो म्हणाला, “काका, हे ऐकूनच मी क्लास लावला, आता भूप चालू आहे.” अशा वेळी गडबडून जायचं नाही. भूप म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः विसरला असाल. “बरं बरं, रियाज सोडू नको,” म्हणून पुढे सरका.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे शेजारचे मास्तर. तुमच्याही शेजारी असतीलच. आमचे बैलहोंगलकडचे, घरात कानडी, बाजारात मराठी, देवापुढे दोन्ही. ‘मानापमान’ बघून आलो त्या रात्री जिन्यात भेटले. मी आपला तयारीतच होतो. टेंबे काढले, बालगंधर्व काढले, सुस्कारा काढला. मास्तर ऐकून घेत म्हणाले, “हौद, हौद.” मग म्हणाले, “पण नारायणरावसुद्धा पिक्चरमध्ये गेलते की. पस्तीस साली. प्रभातचा ‘धर्मात्मा’. एकनाथ झालते.” एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी दाराची कडी काढता काढता ‘मानापमान’ची नांदी लावली, सगळी, शब्द न चुकता. शेवटच्या ओळीला डावा हात कडीवर तसाच होता.

मला पहिल्या दोन शब्दांपुढे येत नाही.

मास्तरांसारख्यांशी वाद घालू नका, हरता. कुमार गंधर्व सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, भीमसेनजी गदगचे; कानडी घरात जन्मून मराठी माणसाला गाणं ऐकवायचं, ही या लोकांची जुनी खोड आहे. त्यांना गाण्यात गाठता येत नाही. म्हणून मी पटकन विषय बदलला आणि दुकानांच्या पाट्यांवर आलो. तिथे मास्तर मागे पडतात. त्यांना पाट्यांमधलं फारसं कळत नाही.

यानंतर तीन आठवड्यांनी खरोखरच एक संगीत नाटक आलं. गावातल्याच एका रंगमंदिरात, हौशी मंडळींचं, जुनंच. ऑर्गन, तबला, खरी माणसं. माझ्याकडे चार पास आले. मी सिनेमा बघून ज्याचे डोळे सगळ्यात जास्त भरून आले होते, त्या मित्राला फोन केला.

“कुठलं नाटक?” त्याने विचारलं. मी सांगितलं.

“वा वा वा. काय पदं आहेत रे त्यात. किती तास आहे?”

“साडेतीन.”

“साडेतीन?” तो थोडा वेळ गप्प झाला. “कापलं नाही काय जरा?”

“नाही. पूर्ण करतात.”

“मग बघ, मला तिसऱ्या गेटापलीकडं जायचंय, आल्यावर उशीर होतो. आणि त्याचा सिनेमा येणारच असेल की कधीतरी.”

उरलेले पास मी असेच फिरवले. एकाच्या घरी लग्न, एकाला गुडघा, एकाने विचारलं की पार्किंग आहे काय. मी गेलो, कारण मला कारण सुचायला उशीर झाला. तुम्हीही कधी असे सापडलात, तर जरा मागे बसा, भिंतीला धरून, म्हणजे निघताना कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पडदा वर गेला तेव्हा आत चाळीसेक माणसं होती, त्यात नटांचे नातेवाईक धरून. पहिल्या रांगेत मास्तर, पांढरा शर्ट, बाजूच्या खुर्चीवर टोपी. तिकीट काढून आले होते. मी पासचं विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या अंकात नायिकेने एक पद फार सुरेख घेतलं. संपलं तसे मास्तर खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि हात वर करून म्हणाले, “वन्स मोअर.”

एकट्या माणसाचा वन्स मोअर. नायिका थबकली. तिने ऑर्गनवाल्याकडे बघितलं, ऑर्गनवाल्याने तबलजीकडे, तबलजीने विंगेत. एका माणसासाठी परत गायचं की पुढचा संवाद घ्यायचा, हे कुणालाच ठरवता येईना.

अशा वेळी मागे बसलेल्याने काय करायचं असतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी खाली वाकून चपला शोधायला लागलो. तेवढ्यात ऑर्गनने पुन्हा तोच सूर दिला.