दोन रात्री राहा, नाहीतर पुढे जा

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

झालं असं की पुढच्या राइडचं प्लॅनिंग करत बसले होते. नकाशा उघडायचा, दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर टाकायचे, चढ बघायचे आणि मग जिथे दिवस संपेल तिथे बेड शोधायचा, हे काम मला खरं तर राइडइतकंच आवडतं. बरोब्बर मधल्या टप्प्यावर एक हॉस्टेल सापडलं, कॉलेजचं नव्हे, प्रवाशांचं, जिथे एका मोठ्या खोलीत (डॉर्ममध्ये) अनेक बेड असतात आणि आपण एक बेड घ्यायचा. फोटो झकास, भिंतीवर एक जुनी सायकल टांगलेली, पिवळ्या रंगात रंगवलेली, तिच्या बास्केटमध्ये झाडं लावलेली. म्हटलं वा, आपली माणसं दिसतायत. तारीख टाकली तर लाल अक्षरात आलं, किमान दोन रात्री. वेबसाइटचा काहीतरी घोळ असेल म्हणून फोन केला. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलत होता की चिडताही येईना. म्हणाला, तुम्ही दोन रात्रींचे पैसे भरा आणि एका रात्रीनंतर निघा, आमची काही हरकत नाही. हरकत नाही! सायकल कुठे ठेवायची विचारलं तर म्हणे बाहेर रॅक आहे, तुमच्या जबाबदारीवर, आत सायकल अलाउड नाही. भिंतीवरची सोडून, असं तोंडावर आलं होतं, पण थँक्यू म्हणून फोन ठेवला.

आता मला सांगा, सायकलवर लांब निघालेला माणूस एका जागी दोन रात्री राहून करणार काय? आज इथे, उद्या ऐंशी किलोमीटर पुढे, हाच तर सगळा मामला आहे. एक बेड, गरम पाणी, कपडे वाळत घालायला दोरी आणि सायकलीला डोक्यावर छप्पर, यापलीकडे आम्ही काहीही मागत नाही. सकाळी सातला आम्ही गेलेले असतो. तुमचं योगा सेशन नको, रूफटॉप नको, संध्याकाळची ओळख-परेड तर अजिबात नको, कारण संध्याकाळी आठनंतर माझे डोळे उघडे असले तरी आत कोणी नसतं.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते माहितीये? हॉस्टेल ही गोष्टच मुळात स्वतःच्या पायांवर येणाऱ्यांसाठी सुरू झाली होती. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शाळामास्तर, १९०९ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या पोरांना घेऊन बरेच दिवसांच्या पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळ झालं, रात्र काढायला नीट जागा मिळेना, शेवटी एका गावातल्या शाळेत आसरा मिळाला. पोरं झोपली आणि हा मास्तर जागा राहून विचार करत बसला, की सुट्टीत शाळा रिकाम्याच पडलेल्या असतात, मग दिवसभराच्या चालीवर एकेक अशी झोपायची सोय का असू नये. त्यातून १९१२ मध्ये जर्मनीतल्याच आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. तिथल्या जुन्या खोल्या आता म्युझियम म्हणून जपल्यात आणि किल्ल्यात हॉस्टेल आजही चालू आहे. दिवसभराच्या चालीवर एक, हे परत वाचा. मुक्काम एका रात्रीचा धरूनच ही कल्पना सुचली होती त्याला.

ब्रिटनमध्ये १९३० ला यूथ हॉस्टेलांची संघटना सुरू झाली, तिथे तर कित्येक वर्षं नियम होता की चालत या, सायकलने या, होडीने या, पण मोटारीने आलात तर जागा नाही. आणि एका हॉस्टेलात लागोपाठ तीनच रात्री, त्यापेक्षा जास्त नाही, म्हणजे मागून येणाऱ्याला बेड मिळेल. तेव्हा जास्तीत जास्त तीन आणि आता कमीत कमी दोन! सकाळी निघण्याआधी झाडू मारायचा, भांडी घासायची, काहीतरी एक काम करूनच जायचं. मला हे सगळं ऐकूनच गार वाटतं. मी आनंदाने संडास धुवेन, फक्त एका रात्रीचा बेड द्या.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींनी ही गोष्ट ऐकली असेल, तरी परत सांगणार. आम्ही दोघी एका नदीकाठच्या रूटवर होतो. नदीकाठ म्हणजे सपाट, म्हणजे सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दिवसभर समोरून वारा घेऊन बघावा. चढाला निदान शेवट असतो. वारा पुढच्या वळणावरही तिथेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे सामान लादलेली सायकल, जी एरवी ताशी पंधराने निवांत जाते, ती दहावर येते आणि त्या दहासाठीही जीव काढायला लागतो. त्यात माझं मागचं चाक दोनदा पंक्चर, दुसऱ्या वेळी पावसात. हॉस्टेलला पोचलो तेव्हा रिसेप्शन बंद व्हायची वेळ कधीच टळून गेली होती. दार बंद, आत एकच दिवा. बेल वाजवली आणि एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, की आता काय.

दार उघडलं हॉस्टेल सांभाळणाऱ्या एका वयस्कर वॉर्डन बाईंनी, पायात सपाता, चेहऱ्यावर झोपमोड. आता बोलणी बसणार म्हणून मी सॉरी सुरू केलं, तर त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सायकलींकडे बघत होत्या. म्हणाल्या, आधी सायकली आत. स्वतः पाठीने दार धरून उभ्या राहिल्या आणि आमच्या चिखलाने माखलेल्या, टपटप गळणाऱ्या दोन्ही सायकली त्यांच्या स्वच्छ पुसलेल्या पॅसेजमधून आत गेल्या. मग आम्ही. मग रजिस्टर. हा क्रम कळतोय ना तुम्हाला? आज त्या गोड मुलाचा फोन ठेवला आणि पहिल्यांदा आठवलं ते हेच, आधी सायकली आत.

आता लगेच कोणीतरी लिहिणार, इतका त्रास असेल तर हॉटेल कर ना, आता वय काय आपलं, आठ जणांत कुठे झोपतेस. लिहाच. परवडायचा प्रश्न आहेच, रोज रात्री हॉटेल धरलं तर पंधरा दिवसांची राइड पाच दिवसांत गुंडाळावी लागेल. पण ते सोडा. हॉटेलात मी ओले मोजे घेऊन लिफ्टमधून जाते तेव्हा लोक बाजूला सरकतात. हॉस्टेलात कोणीतरी विचारतं, कुठून आलीस, पुढचा घाट कसा आहे, तो पूल चालू आहे का. ॲपवर न मिळणारी माहिती डॉर्मच्या किचनमध्ये मिळते, समोरून आलेल्या माणसाने सकाळीच तो रस्ता बघितलेला असतो ना! त्या रात्री आमच्या डॉर्ममध्ये एक रिटायर्ड गृहस्थ होते, उलट्या दिशेने चाललेले. मी वरच्या बंकच्या शिडीवर पाय ठेवला आणि मांडीत असा गोळा आला की तिथेच थांबले. ते काही न बोलता उठले, आपली उशी उचलली आणि वर चढून गेले. सत्तरीचा माणूस! मी नको नको म्हणतेय तर म्हणाले, उद्या माझ्या पाठीला वारा आहे, तुझ्या तोंडावर आहे. आणि खरंच तसंच होतं, दुसऱ्या दिवशीही तोच वारा, शिव्या घालत गेलो.

बरं, मान्य आहे, हॉस्टेलवाल्यांचंही काहीतरी गणित असणार, एका रात्रीसाठी चादर बदला, खोली झाडा, वीकेंडला मधलीच एक रात्र विकली गेली की बाजूची रिकामी राहते. मान्य. ई-बाइकच्या बॅटऱ्या जिन्यात चार्जिंगला लावून झोपणारे महाभागही मी बघितलेत, आग लागली तर पळायची वाटच बंद, तेव्हा सायकल आत नको म्हणणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. पण मग मागे एक शेड बांधा ना. कडी-कुलूप लावा. रंगवलेल्या सायकलीत झाडं लावायला पैसे आहेत.

आणि हे काही अशक्य मागणं नाहीये. जर्मनीतल्या सायकलवाल्यांच्या संघटनेची १९९५ पासून एक योजना आहे, बेट-उंड-बाइक, त्यात नाव लावायचं असेल तर पहिली अटच ही की एका रात्रीसाठी आलेल्यालाही घ्यायचं, सायकल कुलपात ठेवायला जागा द्यायची, ओले कपडे वाळवायची सोय करायची. झालं. रॉकेट सायन्स आहे का? अमेरिकेत १९७६ मध्ये देश आडवा सायकलने पार करायचा रूट आखला, त्या रूटवर मिझुरीतल्या फार्मिंग्टन गावात जुन्या तुरुंगाच्या इमारतीत सायकलवाल्यांसाठी हॉस्टेल केलंय. म्हणजे तुरुंगात आम्हाला एका रात्रीसाठी घेतात, पण भिंतीवर सायकल टांगलेल्या ठिकाणी नाही. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेच्या वाटेवर तर बहुतेक सरकारी मुक्कामांत एकच रात्र, आजारी असलात तरच दुसरी. तिथे चालणाऱ्यांना आधी बेड आणि सायकलवाल्यांना मागाहून, आणि हे मला शंभर टक्के पटतं, कारण भरलंय म्हटल्यावर आम्ही अजून दहा किलोमीटर जाऊ शकतो, ज्याच्या पायाला फोड आलेत त्याने कुठे जायचं? नियमाला माझा विरोध नाहीच. फक्त तो करताना दिवसभर दमून कोण येणार आहे याचा विचार झालाय असं दिसलं पाहिजे.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस माहीत असेल तुमच्यातल्या काहींना, फ्रान्समधली १८९१ पासूनची सायकल राइड, बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद तास. मी काही ती करणार नाहीये, माझा जीव मला प्यारा आहे. पण तिथे वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे हजेरी लावायच्या ठाण्यांवर, मोठ्या हॉलमध्ये झोपायची सोय असते. तुम्ही सांगायचं अमुक वाजता उठवा, व्हॉलंटिअर लिहून घेतो आणि अंधारात रांगेतला तुमचा बेड शोधून बरोब्बर त्या वेळी येऊन हलवतो. दीड तास झोपणाऱ्यालाही. तिथे कोणी विचारत नाही की किमान किती तास झोपणार.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. खरं सांगू, त्या वॉर्डन बाई काही प्रेमळ वगैरे नव्हत्या. सायकली आत आल्यावर आम्हाला सणसणीत बोलणी बसली, शूजच्या तळाला पेडलमध्ये अडकवायच्या क्लीट्स असतात, त्यांनी लाकडी जमीन खराब होते, आधी दारात शूज काढा म्हणून. हसल्या नाहीत एकदाही. पण जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला, शूजमध्ये बोळे कोंबा, अर्ध्या तासाने काढून परत नवे कोंबा, म्हणजे सकाळपर्यंत घालण्यासारखे होतील. ओलं सामान वाळवायच्या ड्रायिंग रूमचं दार दाखवलं. ड्रायिंग रूमचा तो वास, ओली लोकर, रबर, दहा जणांचा घाम, ज्याने एकदा घेतलाय त्याला तो कुठल्याही अत्तरापेक्षा ओळखीचा वाटतो. दाराशी एक हवा भरायचा उभा पंप आणि पान्यांचा डबा ठेवलेला, वर चिठ्ठी, वापरा आणि परत ठेवा. सगळे पाने जागेवर होते. बहुतेक वर्षानुवर्षं जागेवर असतील.

त्या बाईंच्या डोक्यात हॉस्पिटॅलिटी वगैरे काही नसणार, त्यांच्यासाठी ते रोजचं काम होतं. सायकलवाला उशिरा येतो, ओला येतो, सकाळी जातो, हे त्यांना पाठ होतं. आणि आजचा तो मुलगा, त्याचीही चूक नाही बिचाऱ्याची, त्याला स्क्रीनवर दिसलं ते त्याने वाचलं. कदाचित त्याने लांबची सायकल कधी मारलीच नसेल. पण मग भिंतीवरची ती पिवळी सायकल कोणासाठी आहे? नाही, परत चढला राग.

तर ते हॉस्टेल गेलं उडत. अठरा किलोमीटर पुढे एक लहानसं आहे, फोटोत काही दम नाही, दोन खोल्या आणि एक किचन, पण बुकिंगच्या पानावर सायकल ठेवायच्या खोलीचा फोटो टाकलाय, चक्क रिकाम्या खोलीचा, भिंतीला चार हुक. तिथेच बुक केलं. मैत्रीण कुरकुरतेय की त्या दिवसाचे शंभरच्या वर जातात आणि शेवटी चढ आहे. जातील. तिला गीअर कमी पडत असतील तर मागच्या चाकाची कॅसेट, म्हणजे गीअरच्या दातेरी चकत्या, आत्ताच बदलून घे म्हटलं, निघायला वेळ आहे.

हॉटेल कर म्हणणाऱ्यांची कमेंट डिलीट होईल, आधीच सांगते. ज्यांनी हॉस्टेल-टू-हॉस्टेल राइड केल्यात त्यांनी एका रात्रीसाठी घेणाऱ्या आणि सायकल आत घेणाऱ्या जागा खाली लिहा, मी लिस्ट करून सगळ्यांना पाठवते. आणि डॉर्ममध्ये पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत पॅनियर, म्हणजे सायकलला अडकवायच्या बॅगा, भरणाऱ्यांवर वेगळी पोस्ट लिहिणार आहे. रात्रीच भरून ठेवा रे, हात जोडते.