तारीख चुकली म्हणून माणूस खोटा?

"खरा असता तर दोन्ही वेळेला एकच तारीख सांगितली असती." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. परदेशात आश्रय मागणाऱ्या कुणाचा तरी अर्ज फेटाळल्याची बातमी येते. कारण काय, तर पहिल्या मुलाखतीत मार्चमध्ये पकडलं म्हणाला आणि सुनावणीत एप्रिलमध्ये. झालं, आमच्या कट्ट्यावरचे जज चहा संपायच्या आत निकाल देऊन मोकळे: थापाड्या आहे बघ! यांचं एक वेळ सोडा. तिथले पगारी जजसुद्धा याच मापानं माणूस मोजतात, ते जास्त डोक्यात जातं.

२०१९ चा महापूर आठवा. पंचगंगेचं पाणी आमच्या घरात शिरलं तो दिवस आई सोमवार सांगते, काकी मंगळवार. बोटीतनं बाहेर काढलं तेव्हा देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आपल्याच पदरात बांधलेली होती, असं दोघीही छातीठोकपणे सांगतात. टीव्ही माळ्यावर चढवला तो त्या पुरात की २०२१ च्या, यावर अजून भांडण आहे. उद्या कुणी साहेब फाईल उघडून म्हणाला, "तुमच्या जबाबात विसंगती आहे, सबब पूर आलाच नाही," तर? भिंतीवरची ओलीची रेघ त्याच्या बापानं ओढली काय?

हे मी मनाचं सांगत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली एक अभ्यास आलाय. कोसोवो आणि बोस्नियाचे निर्वासित, ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेली, म्हणजे खोटं बोलून पदरात काही पडायचं नव्हतं. त्यांना तेच प्रसंग दोनदा विचारले. उत्तरं बदलली. बारीकसारीक तपशिलांत जास्त बदलली. आणि आघातानं मन ज्यांचं पार खचलेलं, त्यांच्यात दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तशी तफावतही वाढली. म्हणजे ज्यानं जास्त भोगलं तोच खोटा ठरायची शक्यता जास्त. वा रे न्याय!

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं १९७९ च्या पुस्तिकेतच सांगून ठेवलंय की हकीकत एकंदर सुसंगत आणि पटणारी असेल तर संशयाचा फायदा अर्जदाराला द्या. अमेरिकेनं २००५ मध्ये कायदाच असा केला की विसंगती मूळ मुद्द्याशी संबंधित नसली तरी चालेल, तिच्यावरनंही अर्जदारावर अविश्वास दाखवता येतो. शिवाय माणूस बसतो कसा, बोलतो कसा, हेही बघायचं. आमची आजी परक्या साहेबापुढं मान वर करून बोलली असती होय? ब्रिटनचा २००४ चा कायदा तर त्याहून वरताण. खोटा पासपोर्ट खरा म्हणून दाखवलास? तुझ्या विश्वासार्हतेला धक्का. अहो, ज्याच्या जिवावर सरकार उठलंय त्यानं त्याच सरकारच्या पासपोर्ट ऑफिसात टोकन घेऊन बसायचं काय?

आणि हे सगळं कोल्हापुरात बसून बोलायचं! इथनं हाकेच्या अंतरावर वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे जवळपास ५,००० निर्वासित राहिले. बाया, पोरं, म्हातारी माणसं. सोव्हिएत रशियानं घरातनं उचलून सायबेरियाकडं हाकललेली, इराणमार्गे इथवर पोचलेली. पोलंडचे पाव्हणे आले की फोटोला पुढं हेच कट्टेकरी, अभिमानानं छाती फुगलेली. त्यातल्या एखाद्या दहा वर्षांच्या पोराला बसवून विचारलं असतं, गाडी कुठल्या तारखेला सुटली, डब्यात माणसं किती, शिपायाच्या टोपीचा रंग कोणता, तर किती पोरं पास झाली असती?

खोटे अर्ज येतात, मान्य आहे. तपासू नका असं कुणीच म्हणत नाही. पण खोटं सांगायला येणारा तारखा घोकून येतो की ओ! त्याची मार्चमधली अटक दहा वेळा विचारली तरी मार्चमध्येच होते, आणि तुमच्या या मापात तोच बरोब्बर बसतो.