येथे पत्ता मिळेल

आमच्याकडचं इंटरनेट सरळसोट बंद कधी पडायचं नाही, हेच तर दुखणं होतं. कंपनीच्या डब्यावरचे दिवे हिरवेगार, मोबाइलवर वायफायच्या काड्या पूर्ण, आणि एक पान उघडेल तर शपथ. मदत केंद्रातला मुलगा म्हणायचा, "सर, आमच्याकडून लाइन क्लिअर दिसतीये." गंमत म्हणजे ती क्लिअरच असायची. गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहात का?' अशी हाक मारली, की पलीकडून बिनबोभाट उत्तर यायचं. आडवा पडलेला असायचा तो डीएनएस, म्हणजे वेबसाइटचं नाव घेतलं की तिचा आकडी पत्ता काढून देणारा सर्व्हर. तो बदलावा म्हटलं, तर डब्याच्या सेटिंगमधलं नेमकं तेच पान कंपनीनं कुलूपबंद केलेलं.

तेव्हा मी ठरवलं, डीएनएस आपला, घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा डीएचसीपी आपला, राउटरही आपलाच. लिनक्सवर.

"विकतचं दुखणं आहे हे," बायको म्हणाली.

"विकतचं कुठे? सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे."

फुकटात मशीन धरलेलं नव्हतं. कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेला एक मिनी पीसी मिळाला. दोन लॅन पोर्ट असणं महत्त्वाचं. एक बाहेरच्या जगासाठी, एक घरच्यांसाठी. केबल आणायला तपकीर गल्लीत गेलो.

"कॅट सिक्स आहे का?"

"आहे."

"दाखवता?"

"घेणार असाल तर."

घेतली. न बघता.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर माझा जीव डीएनएसमास्कवर. पूर्वी, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात, जाळ्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत ठेवलेली असे आणि ज्यानं त्यानं तिथून उतरवून घ्यायची. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस काढला. मोठ्या संस्था त्यासाठी बाइंडसारखी अवजड सॉफ्टवेअरं चालवतात. दोन खोल्या आणि हॉलला सायमन केली यांचा डीएनएसमास्क पुरून उरतो. नाव सांगितलं की पत्ता शोधणं आणि घरात आलेल्याला पत्ता नेमून देणं, दोन्ही कामं तो एकटा करतो. त्याची नमुना फाइल तर वाचनीय आहे, दर दोन ओळींवर शहाणीसुरती टीप.

सुरू केला, तर म्हणाला पोर्ट ५३ रिकामं नाही. डीएनएसची जागा तीच. तिथे उबुंटूचा, म्हणजे मी घातलेल्या लिनक्सचा, स्वतःचा नावं शोधणारा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड १२७.०.०.५३ या पत्त्यावर आधीच मांडी घालून बसलेला. त्याला उठवायचं तर त्याच्या फाइलमध्ये 'डीएनएसस्टबलिसनर'पुढे 'नो' लिहावं लागतं. मग नावं कोणाला विचारायची ते सांगणारी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उघडली. तिच्या माथ्यावरच लिहिलेलं, की ही फाइल अमुक अमुक सांभाळतो, हिच्यात फेरफार करू नये. बाबा मागे उभे राहून वाचत होते.

"खाली 'हुकुमावरून' राहिलंय," म्हणाले आणि चहाला गेले.

डीएचसीपी मात्र बघत बसावा असा. मोबाइल घरात शिरला की अख्ख्या जाळ्यात ओरडतो, "कोणी पत्ता देतं का?" सर्व्हर म्हणतो, "१९२.१६८.१०.५७ चालेल?" "चालेल, तोच द्या." "दिला. बारा तास." डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, या चार ओळी एकाखाली एक उमटल्या तेव्हा मी जेवण गार करून त्या बघत होतो. पुण्यात जागेचा व्यवहार चार वाक्यांत आटोपलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. "भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. बारा तासांत काय राहणार तो?"

"निम्मी मुदत झाली की तो आपणहून नूतनीकरण मागतो, बाबा."

"भाडं न वाढवता?"

हे त्यांना अजून पटलेलं नाही.

पत्ते झाले, आता नावं. हे खातं मुलीनं घेतलं आणि पुण्यातल्या मारुतींची यादी वहीत उतरवून काढली. राउटर पत्र्या, कारण त्याचा खोका पत्र्याचा. सदोदित कागद मागणारा प्रिंटर भिकारदास. स्टँड मोडलेला टॅब डुल्या. टीव्ही उंटाड्या, का, ते तिनं सांगितलं नाही. देवाची नावं यंत्रांना दिली म्हणून आईनं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच्या मोबाइलसाठी जिलब्या मागून घेतलं. आडनावाचा प्रश्न उरला. पुष्कळ लोक डॉट लोकल लावतात. लावू नये, ते एमडीएनएस नावाच्या वेगळ्याच पद्धतीसाठी राखलेलं आहे. घरगुती जाळ्यांसाठी २०१८ पासून होम डॉट आर्पा असं रीतसर ठरवून दिलेलं आहे. त्यामुळे आमचा प्रिंटर आता भिकारदास डॉट होम डॉट आर्पा या नावानं ओळखला जातो. छपाई होती तशीच आहे.

जिलब्याचं नाव मात्र टिकेना. एखाद्या यंत्राला कायमचा पत्ता द्यायचा तर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, फाइलमध्ये लिहावा लागतो. आईच्या मोबाइलच्या बॉक्सवर छापलेला मॅक मी जसाच्या तसा लिहिला, तरी हा रोज भलत्याच आकड्यावर. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल वायफायला आपला खरा मॅक आपणहून सांगत नाहीत, कोणी पाळत ठेवू नये म्हणून. बनावट ओळखायची खूणही आहे: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं.

"बरोबरच आहे," आई म्हणाली. "परक्याला खरं कशाला सांगायचं?"

"अगं, मी परका आहे का?"

"तू नाहीस. तुझा तो डबा."

पहिल्याच गुरुवारी वीज गेली. आपल्याकडे गुरुवार दुरुस्तीचा, वीज तरी नसते नाहीतर पाणी तरी, आणि ग्रह फिरले असतील तर दोन्ही नसतं. वीज आली, पंखे फिरले, कंपनीचा डबा उठला, पत्र्या निजलेलाच. 'वीज परत आली की सुरू हो' हे बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सांगून ठेवावं लागतं, आणि आमच्या मशीनवर ते कारखान्यातूनच बंद होतं. मी हिंजवडीला ऑफिसात.

"आई, समोर बटण आहे ना, ते दाब."

"गोल का चौकोनी?"

"त्याला एकच बटण आहे."

"हो, पण गोल का चौकोनी?"

हे सगळं चालण्यासारखं होतं. खरा घोळ पुढेच झाला. घरातला जुना वायफाय राउटर मी नुसता वायफाय पसरवायच्या कामावर ठेवला होता. त्याचा स्वतःचा डीएचसीपी बंद. नाव आणि पासवर्ड स्टिकरवरचेच, कारण सगळ्यांच्या मोबाइलना ते पाठ. एके दुपारी बाबांचं कीर्तन मधेच अडकलं. त्यांनी मला न विचारता मदत केंद्राला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "सर, मागे बारीक भोक असेल, पिन घालून दहा सेकंद दाबून धरा." बाबा आज्ञाधारक. देवघरातून उदबत्तीची काडी आणली आणि जो डबा हाताशी आला त्याच्या भोकात घालून दहा सेकंद घड्याळ लावून मोजले. नेमका तो जुना राउटर. तो कारखान्यातून आला तसा झाला आणि लागला घरभर पत्ते वाटायला.

आता घरात दोन डीएचसीपी. मोबाइल ओरडला की दोघंही उत्तर देणार, आणि मोबाइल बहुधा जो आधी बोलेल त्याचं ऐकणार. माझा पत्ता घेतला तर इंटरनेट आहे. जुन्याचा घेतला तर तो म्हणणार बाहेर जायची वाट माझ्याकडून, आणि त्याला बाहेर जायची वाटच नाही. परिणामी उंटाड्या चालू, जिलब्या बंद; डुल्या सकाळी चालू, संध्याकाळी बंद. बायकोचा लॅपटॉप वायफाय तुटून पुन्हा जुळेपर्यंत उत्तम. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "आमचंही नेट गेलंय, तुमच्या त्या मशीनमुळे का?" त्यांची कंपनी वेगळी, वायर वेगळी, डबा वेगळा.

"पण सुरुवात तुमच्याकडूनच झाली ना?" काकू म्हणाल्या. याला उत्तर नाही.

शेवटी लॅपटॉपवर जाळ्यातली बोलणी ऐकवणारा टीसीपीडम्प लावून ६७ आणि ६८ या डीएचसीपीच्या दोन पोर्टांवर कान दिला. एक हाक गेली, दोन ऑफर आल्या. एक माझ्या १९२.१६८.१०.१ कडून, दुसरी १९२.१६८.१.१ कडून. चोर सापडला. काडी कोणाची, हेही चौकशीत निघालं. बाबांनी नाकारलं नाही, उलट दहा सेकंद पूर्ण मोजले होते असं निक्षून सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक पुठ्ठा रंगवून दोन्ही डब्यांच्या वर टांगला: "येथे पत्ता मिळेल. भोकात काडी घालू नये. हुकुमावरून."

मग जरा शांतता होती, म्हणून मी जाहिरातींच्या मागे लागलो. डीएनएसमास्कला जाहिरातवाल्यांच्या नावांची यादी दिली की तो त्या प्रत्येकाचा पत्ता ०.०.०.० सांगतो आणि जाहिरात येतच नाही. पानं स्वच्छ दिसायला लागली. कौतुक कोणी केलं नाही, तक्रार मात्र आली.

"पंचांगाच्या पानावर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात होती, ती कुठे गेली?"

"बंद केली, बाबा."

"मी नंबर उतरवून घेणार होतो."

"असल्या तेलांनी काही होत..."

"गुडघे माझे आहेत."

लॉग चालू करून बाबांना पंचांग उघडायला लावलं, तेल कोणत्या नावावरून यायचं ते हुडकलं आणि ते नाव यादीतून काढलं. तेल परतलं. यादी घराला मिळून एकच, त्यामुळे ते सगळ्यांकडेच परतलं. रात्री बायको मोबाइल घेऊन आली.

"मला गुडघ्याचं तेल का दाखवतोयस?"

मी तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "आलंय का? नंबर उतरवून ठेव गं जरा."