‘दोन्ही लेटेस्ट टाका’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, जेपाइप वापरून पायथनमधून जावाची लायब्ररी कशी चालवायची, या लेखावर तुम्ही लिहिलंत: "अर्धा लेख जावा-पायथनच्या व्हर्जनमध्येच घालवला. दोन्ही लेटेस्ट टाका, काम खतम. पोरांना उगाच घाबरवता."

त्या अर्ध्या लेखातली एक ओळही मी काढणार नाही.

लेटेस्ट टाकायला मशीन आपल्या ताब्यात लागते. नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात तुमचा लॅपटॉप असेलही तसा. इथल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिन पासवर्ड सरांकडे असतो आणि जावा 8 ला कोणी हात लावू देत नाही. तिथे जावा 17 वर कंपाइल केलेला जार (जावा कोडची बांधलेली फाइल) नेला की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ ठरलेला. त्यात फाइलचा आकडा 61 आणि रनटाइमची मर्यादा 52 लिहिलेली असते. दोन्हींतून 44 वजा करा, 17 आणि 8 हाती येतात. एवढी वजाबाकी केली तरी निम्म्या मेल मला येणार नाहीत.

खरी गोम पुढे आहे. पोरगा टर्मिनलवर जावाचं व्हर्जन बघतो, 17 दिसतं, तरी पायथनमधून तोच एरर! "सर, कॉम्प्युटर खोटं बोलून राहिला." अरे, टर्मिनल पाथमधलं (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीतलं) जावा दाखवतं, जेपाइप आधी ‘जावा होम’ ही जावाचं फोल्डर सांगणारी सेटिंग बघतं, आणि तिथे कधीकाळचं 8 ठाण मांडून असतं. शिवाय जेपाइप जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या इंजिनाला) पायथनच्याच प्रोसेसमध्ये लोड करतं. त्यामुळे एक 32 बिट आणि दुसरं 64 बिट असलं, तर दोन्ही कितीही नवी असोत, नांदत नाहीत.

पायथनचंही तेच. अगदी ताजं पायथन टाकलं आणि त्याच्यासाठी जेपाइपचं व्हील (तयार बिल्ड केलेलं पॅकेज) अजून निघालेलं नसलं, तर पिप हे पॅकेज बसवणारं साधन सोर्समधून बिल्ड करायला जातं. मशीनवर सी++ कंपायलर नसला की तिथेच आडवं.

"सोर्स आणि टार्गेट 8 दिलं की झालं," असंही तुम्ही म्हणता, म्हणजे नव्या कंपायलरला जावा 8 साठी फाइल बनवायला सांगायचं. नाही होत. जेडीके 11 वर तसं देऊन जावाच्या बाइटबफर क्लासमधलं फ्लिप हे फंक्शन वापरा. कंपाइल होईल, कोणी वाचत नाही ती एक वॉर्निंग येईल, आणि जावा 8 वर ‘नो सच मेथड एरर’. कारण जावा 9 पासून फ्लिप हे ‘बफर’ऐवजी ‘बाइटबफर’ प्रकार परत करतं, आणि जावा 8 मध्ये तसलं फ्लिप नाही. त्याऐवजी ‘रिलीज 8’ हा पर्याय द्या. तो जेडीके 9 पासून आहे आणि जुन्या एपीआयशीही (त्या व्हर्जनमधल्या क्लास-फंक्शनांशी) पडताळून बघतो.

जार दुसऱ्याच्या मशीनवर जाणारच नसेल, तर टाका की लेटेस्ट.